माहू बोलत नव्हती तो रमजान

बारावीचे पेपर सुरू झाले आणि त्यांच्या मागोमाग रमजानचा चांद दिसला. परीक्षा सूर्याच्या चालीने येते, रमजान चंद्राच्या. माझ्या लहानपणी तो कडाक्याच्या थंडीत यायचा, लग्न झालं तेव्हा भर पावसाळ्यात, आणि आता फिरत फिरत पुन्हा परीक्षांना येऊन भिडला आहे. पर्यवेक्षणाला जाताना मोबाइल केंद्रावरच्या कपाटात ठेवावा लागतो. कपाटाची किल्ली फिरते तसा माझा घसा कोरडा पडतो. रोजा असतो म्हणून नव्हे. दोन वर्षांपूर्वीचा रमजान आठवतो म्हणून.

मी नांदुऱ्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. नवरा, इरफान, पाण्याच्या मोटारी रिवाइंड करतो. मार्च लागला की आसपासच्या गावांतल्या जळालेल्या पाणबुड्या मोटारींनी त्याचं दुकान भरून जातं. आमची एकुलती मुलगी माहेनूर. घरात तिला माहू म्हणतात. त्या वर्षी ती पहिलीत होती.

घरात माहूची टकळी थांबायची नाही. आमच्याकडे हिंदी-उर्दू आणि वऱ्हाडी यांची सरमिसळ चालते, तशीच ती बोलायची. मांजरीशी बोलायची, कुकरच्या शिट्टीला उत्तर द्यायची. म्हणून दिवाळीच्या सुट्टीनंतर तिच्या वर्गशिक्षिका गवई बाई फाटकाशी मला थांबवून म्हणाल्या, "ताई, एक विचारू का? माहेनूर घरी बोलते ना?" तेव्हा मी हसले. मला वाटलं, जास्त बडबडते अशी तक्रार असेल.

"तसं नाही ओ," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "जूनपासून एक शब्द ऐकला नाही मी तिचा. हजेरीला बी नाही. लिहिते चांगलं, सगळं समजते तिले. पण तोंड उघडत नाही."

त्या संध्याकाळी माहू अंगणात बादली पालथी घालून तिच्यावर उभी होती आणि गवई बाईंची नक्कल करत अख्ख्या वर्गाची हजेरी घेत होती. चाळीसेक मुलांची नावं, आडनावांसकट, अनुक्रमाने. स्वतःचं नाव आलं तेव्हा ती क्षणभर थांबली आणि पुढच्या नावावर गेली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होते. तव्यावरची पोळी करपून गेली.

मला हे नावानिशी ठाऊक होतं. काही मुलं घरात मोकळी असतात आणि बाहेर त्यांचा आवाज बंद होतो. हट्ट नसतो तो, भीती असते. हे मी वर्गात शिकवलेलं आहे, फळ्यावर लिहिलेलं आहे. पण फळ्यावर लिहिलं तेव्हा त्या मुलाला चेहरा नव्हता.

मग सुरू झालं ते शोधणं. कुठे चुकलं? आईच्या कुशीत मुलाला भरवसा मिळतो, त्या भरवशाच्या जोरावर ते जगात पाऊल टाकतं, असं मी दरवर्षी मुलांना सांगते. मग माझ्या मुलीला भरवसा मिळाला नाही का? ती दहा महिन्यांची असताना मला नोकरीचा आदेश आला. मी तिचं दूध सोडवलं आणि कॉलेजला जाऊ लागले. रात्री पुस्तकं उलटताना माझ्या लक्षात यायचं की माझ्या विषयाने एके काळी किती गोष्टी आईच्या माथी मारल्या होत्या. मूल अबोल झालं, आई थंड होती. मूल घाबरट झालं, आईने जास्त जपलं. पुढे त्यातलं बरंच चुकीचं ठरलं, हेही मी शिकवते. पण रात्री ते 'पुढे' आठवत नाही.

शेजारीपाजारी आपापलं सांगत. एक म्हणे उर्दू शाळेत घालायला पाहिजे होती, मराठी शाळेत पोर बावरते. दुसरी म्हणे, एकटं मूल असं व्हतेच. मोहल्ल्यात बायकांसाठी बयान, म्हणजे प्रवचन, असायचं, तिथे एक शिकलेल्या ताई गोड आवाजात बोलायच्या. एका शुक्रवारी त्या मुलांच्या तर्बियतवर, म्हणजे संस्कारांवर, बोलल्या. मूल कसं घडलं याचा जाब आईला द्यावा लागणार आहे, असं त्या म्हणाल्या. बाजूच्या बायकांनी माना डोलावल्या. माझ्या मांडीवर माहू बसली होती, माझ्या ओढणीच्या टोकाला गाठी मारत. एकीकडे माझा विषय, दुसरीकडे माझा दीन, माझा धर्म, आणि दोन्हीकडून बोट माझ्याचकडे.

माझी आई, म्हणजे माहूची नानी, रोहिणखेडला राहते. तिला भेटायला गेले तेव्हा तिने आम्हा दोघींना मशिदीत नेऊन इमामसाहेबांकडून माहूवर दुआ पढवून पाणी फुंकून घेतलं. इमाम वयाने माझ्याहून लहान. त्यांनी दुआ पढली आणि आईला म्हणाले, "खाला, डॉक्टरलेही दाखवा." आईला ते आवडलं नाही. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "दोन वर्स दूध पाजाव लागते लेकराले. कुराणात हुकूमच हाय तसा. तू दहा महिन्यातच तोडलं. तवाच तिच्या मनात काही बसलं असन."

जुन्या मशिदीच्या दगडी पायऱ्यांवर माहू एकटीच उड्या मारत होती आणि मोठमोठ्याने गाणं म्हणत होती. तिथे दुसरं कुणी नव्हतं. एक म्हातारा वजूसाठी, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुवायला, आला, तसं गाणं मध्येच तुटलं.

रमजान सुरू झाला तोवर असंच चाललं होतं. ती शाळेतून आली की मी रोज विचारायचे, "आज बोललीस?" आणि ती मान खाली घालायची. विचारू नये, हे मला ठाऊक होतं. तरी विचारायचे.

पहिलाच आठवडा असेल. शाळा सकाळची झाली होती. माझ्याकडे बारावीचं पर्यवेक्षण होतं, मोबाइल केंद्रावरच्या कपाटात बंद. पेपर संपवून, गठ्ठे जमा करून मी घरी पोचले तेव्हा ऊन डोक्यावरून कललं होतं. ऑटोवाल्याने माहूला केव्हाच सोडलं होतं. ती शेजारच्या काकूंकडे थांबायची. मला पाहून ती धावत आली नाही. ओसरीवर बसून राहिली, दप्तर अजून पाठीवरच, डावा हात पोटाशी धरलेला. काकू म्हणाल्या, "आज काही खाल्लं नाही तिनं. झोप आली वाटते."

मी तिला आत घेतलं, दार लावलं. दार लागल्यावर ती म्हणाली, "अम्मी, हाथ दुख रहा."

मनगट सुजून तट्ट झालं होतं. जराशी बोटं लावली तशी ती विव्हळली. मधल्या सुट्टीत ती घसरगुंडीवरून पडली होती. त्यानंतरचे सगळे तास ती वर्गात बसली होती, मोडलेला हात बाकाखाली ठेवून, उजव्या हाताने शुद्धलेखन लिहीत. ऑटोत बसली, मुलांचे धक्के खाल्ले, काकूंच्या ओसरीवर ऊन उतरेपर्यंत थांबली. कुणालाच कळलं नव्हतं.

"बाईंना का नाही सांगितलंस, माहू?"

"बोली मैं," ती म्हणाली. "मन में बोली. आवाज बाहर नही आया."

इरफान दुकान तसंच टाकून आला. आम्ही तिला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर चांगले होते, वाकून त्यांनी विचारलं, "कुठं दुखतं बेटा?" माहूने माझ्या खांद्यात तोंड खुपसलं. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. त्यांनी इरफानकडे पाहून सहज विचारलं, "बोलत नाही का ही?"

माझा नवरा शांत माणूस आहे. दिवसभर तांब्याच्या तारा गुंडाळतो, आवाज चढवत नाही. तो म्हणाला, "बोलते साहेब. लय बोलते. आपल्याशी बोलायची हिंमत व्हत नाही तिची." आणि मग भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

प्लास्टर सुकेपर्यंत आम्ही बाहेरच्या बाकावर बसून होतो. माहू माझ्या मांडीवर झोपली होती. मगरिबची, सूर्यास्ताची, अजान झाली ती मला ऐकूच आली नाही. इरफानने पाण्याची बाटली पुढे धरली, "रोजा खोल," म्हणाला. एक घोट घेऊन मी बाटली परत दिली. माझ्या डोक्यात एकच चित्र फिरत होतं. आज हात होता. उद्या ती गर्दीत हरवली, कुणी तिचं नाव विचारलं, कुणी तिला हात धरून नेऊ लागलं, तर? मनातल्या मनात ओरडणारी मुलगी कुणाला ऐकू येणार आहे?

दुसऱ्या दिवशी दुपारी गवई बाई घरी आल्या. त्यांचे डोळे लाल होते. दारातच त्या म्हणाल्या, "ताई, मी पूर्ण वेळ तिच्या समोर होती ओ. तिनं वही दाखवली, म्या बरोबरची खूण बी केली." मला खूप काही बोलायचं होतं. रात्रभर मी ते जुळवून ठेवलं होतं. पण त्यांना पाहून माहू पडद्यामागे गेली, आणि पडद्याच्या फटीतून तिचा एक डोळा बाईंकडे पाहत राहिला. त्या डोळ्यात भीती नव्हती, ओढ होती. मी म्हटलं, "बसा बाई."

त्याच आठवड्यात अकोल्याला मुलांच्या मनाच्या डॉक्टर मॅडमना दाखवलं. मी त्यांना माझी सगळी यादी सांगितली: दूध सोडवलं ते, नोकरी, रोज विचारणं, एकटं मूल. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या दोघांच्या घरात लाजाळू माणसं आहेत?" इरफान म्हणाला, "मी. चौथीपर्यंत म्या मास्तरले उत्तर दिलं नव्हतं." हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही माहीत नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, काही मुलं जन्मतःच सावध असतात. आईने ते घडवलेलं नसतं. पण आई मदत मात्र करू शकते. तिला बोल म्हणू नका. बक्षीस कबूल करू नका. तिच्या वतीने लगेच उत्तर देऊ नका. शाळेतलं एक माणूस घरात आणा, जिथे तिचा आवाज राहतो तिथे. तो आवाज त्या माणसासमोर सुटू द्या, मग तोच आवाज हळूहळू शाळेत न्या. आणि बोलली, तर टाळ्या पिटू नका.

परत आल्यावर हे मी गवई बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी येतो की रोज. माझं घर काही दूर नाही."

त्या रमजानच्या संध्याकाळी मला अजून वासासकट आठवतात. बाई ऊन उतरल्यावर यायच्या. अंगणात पाणी शिंपडलेलं असायचं, आत भज्यांचं पीठ भिजवलेलं, टरबूज कापायला काढलेलं. बाई माहूकडे बघायच्याही नाहीत. चटईवर बसून सागरगोटे खेळत राहायच्या, एकट्याच. पहिले दिवस माहू माझ्या कानात कुजबुजायची. नंतर बाई असताना माझ्याशी बारीक आवाजात बोलू लागली. मग चटईच्या कडेला येऊन बसली, प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून. बाई इफ्तारपर्यंत थांबायच्या. आमच्याबरोबर दस्तरखानावर बसायच्या आणि अजान होईपर्यंत खजुराला हात लावायच्या नाहीत. "तुम्ही सगळे थांबले, अन मी एकटी खाऊ काय?" म्हणायच्या. विहारात त्यांच्या आईने त्यांना गप्प बसायला शिकवलं, असं एकदा हसत म्हणाल्या. "अन इथं मी एका पोरीले बोलतं करून राह्यली."

मला मात्र हसू यायचं नाही. प्रत्येक संध्याकाळ काही न घडता संपली की मी उरलेले दिवस मोजायचे. प्लास्टर निघेल, ईद होईल, शाळेला सुट्ट्या लागतील, बाई दुसऱ्या वर्गाला जातील, आणि ही तशीच राहील.

आई त्या दिवसांत रोहिणखेडहून आमच्याकडे राहायला आली होती. प्लास्टर पाहून ती आधी खूप रडली. एका दुपारी मी अस्रची, म्हणजे दुपार कलल्यावरची, नमाज पढत असताना माहू आत पडली, प्लास्टरवर. किंचाळली. मी नमाज कशीबशी उरकली आणि धावले. तिला काही झालं नव्हतं. पण घाईत नमाज उरकली म्हणून मला वाईट वाटत होतं. आई म्हणाली, "तुले माहीत नाही का? पैगंबरसाहेब नमाज पढवत असले, अन मागं एखादं लेकरू रडलं, त ते नमाज आखूड करत. मायचा जीव खालीवर व्हते म्हणून." मग जरा थांबून म्हणाली, "म्या तुले त्या दिवशी दुधाचं बोलली. बोलाव नव्हतं."

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः तो दुधाबद्दलचा हुकूम अर्थासह पुन्हा वाचला. दोन वर्षांचं आहेच त्यात. पण त्याच्याच पुढे आहे की आईबापांनी आपसांत विचार करून, एकमेकांच्या राजीखुशीने आधी सोडवलं तर त्यांच्यावर काही दोष नाही. आईला खाऊपिऊ घालण्याची, लुगडं-कपड्याची जबाबदारी बापावर, हेही तिथेच. मी इतकी वर्षं अर्धाच हुकूम ऐकला होता. कारण अर्धाच सांगितला जातो. आणि माझ्या विषयाचंही तेच. आईचं महत्त्व सगळ्यांना पाठ असतं. पुरेशी आई ही अचूक आई नसते, मूल आपला स्वभाव बरोबर घेऊन येतं, त्याला बाप, नानी, शेजारी, शिक्षक सगळे लागतात, हा पुढचा भाग धड्याच्या शेवटी असतो आणि परीक्षेला येत नाही म्हणून आम्हीच तो घाईत उरकतो.

हजरत हाजराची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले. तान्हं लेकरू तहानेने तडफडतंय आणि ती दोन टेकड्यांमध्ये पाण्यासाठी धावतेय. हजला जाणारे लाखो लोक, पुरुषसुद्धा, अजून तिच्या पावलांवरून चालतात. एका घाबरलेल्या आईचं धावणं इबादत, उपासना झालं. त्या रमजानात मला पहिल्यांदाच जाणवलं की पाणी ती धावत होती तिथे लागलंच नाही. ते लेकराच्या पायाशी फुटलं. तिचं धावणं वाया गेलं असं कुणी म्हणत नाही. पण पाणी तिथे फुटलं, हेही खरं.

एका संध्याकाळी बाई सागरगोटे मोजत होत्या. मी आत भजी तळत होते. "चार, पाच, सात," बाई म्हणाल्या. एकदम माहूचा आवाज आला, स्वच्छ, चिडलेला: "सहा!"

मी झारा हातात धरून उभी राहिले. मग गवई बाईंचा अगदी साधा आवाज: "हाव, सहा. सात, आठ." कढईतली भजी काळी झाली. आई दाराआड उभी होती, दोन्ही हात तोंडावर. आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो आणि टाळी वाजवली नाही.

पण शाळेत पुन्हा शांतताच. घरात बाईंशी भांडणारी मुलगी वर्गात बाईंकडे नुसती बघायची. ईद झाली, शिरखुर्मा झाला, प्लास्टर निघालं. मी उरलेल्या दिवसांची रजा टाकली. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली आणि मी वर्गात मागच्या बाकावर बसू लागले. मग दाराशी. मग व्हरांड्यात. अकोल्याच्या मॅडमनी सांगितलं होतं, रोज थोडं लांब व्हा. व्हरांड्यातून मला ती दिसायची नाही, नुसते मुलांचे आवाज यायचे, आणि मी त्यांत तिचा शोधत राहायचे. मग मी फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली उभी राहू लागले. तिथून काहीच ऐकू यायचं नाही. येणारे-जाणारे पाहायचे. कुणी विचारायचं, "काय झालं मॅडम, इथं काऊन उभ्या?" सुट्ट्या लागायला थोडेच दिवस उरले होते, आणि माझ्या मनात तेच ते: आणखी किती लांब होऊ?

असंच एका सकाळी मी निंबाखाली उभी असताना गवई बाई वर्गातून बाहेर आल्या. भरभर चालत होत्या, पदर तोंडाला लावलेला. पडली का पुन्हा? मी धावणार तेवढ्यात दिसलं, त्या हसू दाबत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"ताई, निरोप हाय तुमच्यासाठी."

"कुणाचा?"

"तुमच्या पोरीचा. उभी राह्यली ती जाग्यावर. सगळ्या वर्गासमोर. म्हणे, बाई, माह्या अम्मीले घरी जायले सांगा ना. सगळे पाह्यते."

मी दोनदा विचारलं, मोठ्याने बोलली का. बाई म्हणाल्या, मागच्या बाकावरची पोरं हसली इतक्या मोठ्याने. आणि शुद्ध वऱ्हाडीत, वर्षभर गप्प बसून वेचलेल्या.

"मग मी जाऊ?" मी विचारलं.

"जा म्हणते तर जा ना ताई."

मी गेले. मागे वळून पाहायचं नाही असं ठरवलं आणि पाहिलं. वर्गाच्या दारात कुणी नव्हतं. आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण हातांचं काय करावं ते सुचत नव्हतं. रेल्वे फाटक बंद होतं. दोन्ही बाजूंना माणसं, सायकली, ऑटो खोळंबलेले. मालगाडी धडधडत जात होती, तिच्या आवाजात दुसरं काहीच ऐकू येत नव्हतं, आणि तिथे उभ्या उभ्या मी रडू लागले, तोंड न झाकता, मोठ्याने.

गाडीचा शेवटचा डबा गेला तरी मी थांबले नव्हते. बाजूला डोक्यावर पाटी घेतलेली एक म्हातारी उभी होती. तिने माझ्याकडे निरखून पाहिलं.

"काय झालं वं माय?"

"काही नाही," मी म्हटलं. "लेक म्हणाली, घरी जा."

म्हातारीला काही समजलं नाही. तिने पाटी सावरली आणि पुढे पाहिलं.

"मंग जा नं," ती म्हणाली. "फाटक उघडलं."